भूकंपाची कार्डे जमवणारा माणूस : जॉन मिल्न



स्मरणिका समितीने लेखासाठी तीन विषय दिले होते. शाळेच्या आठवणी, माझा आजवरचा प्रवास आणि मला आवडलेले व्यक्तिमत्त्व. पहिल्या दोन विषयांवर तुमच्यातले बरेच जण माझ्यापेक्षा चांगले लिहितील, म्हणून मी तिसरा घेतला. दहावीला हा निबंध आला की आपण टिळक, डॉ. आंबेडकर किंवा सावित्रीबाई यांच्यावर पाठ केलेली दीड पाने उतरवून मोकळे व्हायचो. या वेळी पाठ नसलेला माणूस निवडला आहे. जॉन मिल्न. इंग्रज, शिक्षणाने खाणींचे इंजिनिअर, १९१३ साली वारले. भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचे नाव अगदी सुरुवातीला येते. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ते आल्याचे मला आठवत नाही.

शहापूरच्या मुलीने हा माणूस कुठून शोधून काढला, असे कोणी विचारेल. त्यासाठी आधी माझ्या आजीची गोष्ट सांगावी लागेल.

माझे आजोळ खर्डीच्या बाजूला. १९८३ साली मी चार वर्षांची होते. भातसा धरणात पाणी साठू लागून काही वर्षे झाली होती. त्या पावसाळ्याच्या शेवटी त्या भागात जमीन हादरू लागली. लहान धक्के पुष्कळ झाले. सप्टेंबरातला सगळ्यात मोठा धक्का पाच रिश्टरच्या थोडा खालचा होता. आजीच्या घराची मागची भिंत तडकली. पुढे कित्येक वर्षे घरात त्यावर वाद व्हायचा. आजी म्हणायची भिंत पहिल्या धक्क्याला गेली, मामा म्हणायचा नंतरच्या. कोणी वेळ सांगायचे जेवणानंतरची, कोणी पहाटेची. लिहून कोणीच ठेवले नव्हते. आजीचे आणखी एक ठाम मत होते की हे सगळे धरणाच्या पाण्यामुळे झाले. शिकलेली माणसे तिला हसायची. मी इंजिनिअरिंगला गेल्यावर मीही हसले होते. नंतर कळले की हैदराबादच्या एनजीआरआयच्या शास्त्रज्ञांनी भातशाच्या धक्क्यांचा अभ्यास करून त्यांचा संबंध जलाशयाच्या पाण्याशी जोडला आहे. खडकात ताण आधीपासून असतो, साठलेले पाणी त्याला निमित्त होते. म्हणजे आजीचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर होते. फक्त तिच्याकडे तारीख आणि वेळ लिहिलेला कागद नव्हता.

मग आपण नववीत असताना, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. शाळेत आपण तांदूळ आणि कपडे गोळा केले होते, आठवते ना? मैदानावर लावलेली गोणत्यांची रांग मला अजून दिसते. भूकंप म्हणजे मदत गोळा करणे, एवढेच तेव्हा कळले. भूकंपाची माहितीही अशीच गावोगाव फिरून गोळा करावी लागते, हे मिल्न यांच्यामुळे पुष्कळ उशिरा कळले.

मिल्न यांचा जन्म ३० डिसेंबर १८५० चा, लिव्हरपूलचा. लंडनला किंग्ज कॉलेजात आणि नंतर रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये ते शिकले. पंचविशीच्या आत न्यूफाउंडलंडमध्ये खनिजे शोधून झाली होती आणि सिनाईच्या वाळवंटात एका मोहिमेबरोबर जाऊन आले होते. त्याच सुमारास जपानचे नवे सरकार परदेशी प्राध्यापक नेमत होते. रेल्वे, तारायंत्र, खाणी, पूल हे सगळे जपानी मुलांना भराभर शिकवायचे होते. तोक्योच्या इंजिनिअरिंग कॉलेजात खाणकाम आणि भूगर्भशास्त्र शिकवायला मिल्न यांची नेमणूक झाली. बोटीचा प्रवास त्यांना सोसत नसे, म्हणून ते युरोपातून सैबेरिया आणि चीन ओलांडून बव्हंशी जमिनीवरून निघाले. ऑगस्ट १८७५ मध्ये निघालेला माणूस मार्च १८७६ मध्ये तोक्योला पोहोचला. पोहोचल्या रात्रीच भूकंपाच्या धक्क्याने त्यांचे स्वागत केले, असे सांगतात.

सुरुवातीची काही वर्षे भूकंप हा त्यांच्या आवडीचा एक भाग होता. २२ फेब्रुवारी १८८० ला योकोहामाला मोठा धक्का बसला, धुराडी पडली, घरे तडकली. त्यानंतर काही आठवड्यांतच मिल्न यांनी पुढाकार घेऊन जपानची भूकंपशास्त्र संस्था स्थापन केली. केवळ भूकंपाला वाहिलेली ही जगातली पहिली संस्था. एक गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. कल्पना आणि धावपळ मिल्न यांची, पण अध्यक्ष झाले हात्तोरी इचिझो हे जपानी गृहस्थ. मिल्न उपाध्यक्ष. ज्यांच्या जमिनीचा अभ्यास करायचा, त्यांचा माणूस पुढे हवा, हे त्यांना कळत असावे.

संस्थेत जेम्स युइंग आणि थॉमस ग्रे हे आणखी दोन इंग्रजी भाषक प्राध्यापक होते. तिघांनी मिळून, कधी एकमेकांशी स्पर्धा करत, जमिनीची हालचाल कागदावर उतरवणारी यंत्रे बनवली. भूकंपलेखक यंत्राचा पाया या काळात घातला गेला. पण एक यंत्र एका जागेचेच सांगते. धक्का आला कुठून, गेला कुठवर, हे त्यावरून समजत नाही. आणि दहा-वीस यंत्रे बसवायला पैसे नव्हते.

तेव्हा मिल्न यांनी जे केले ते मला त्यांच्या कुठल्याही यंत्रापेक्षा मोठे वाटते. त्यांनी पोस्टकार्डांचे गठ्ठे तयार केले आणि तोक्योपासून शंभर मैलांच्या टापूतल्या गावोगावच्या अधिकाऱ्यांना पाठवून दिले. काम एवढेच, की आठवड्यात जे धक्के जाणवले ते कार्डावर लिहायचे आणि दर आठवड्याला कार्ड टपालात टाकायचे. लिहिणाऱ्याला शास्त्र येण्याची गरज नव्हती. घड्याळ बघता येणे आणि लिहिता येणे पुरे होते. कार्डे आली की मिल्न ती नकाशावर मांडत. मांडता मांडता दिसले की पश्चिमेच्या डोंगरांकडून धक्के फार थोडे येतात, बहुतेक पूर्वेकडून आणि उत्तरेकडून, समुद्राच्या बाजूने येतात. मग यंत्रे कुठे न्यायची हे ठरवता आले. आधी कार्डे, मग यंत्रे. ही नोंदींची पद्धत पुढे सरकारने उचलली आणि सगळ्या जपानभर शेकडो ठिकाणांहून नोंदी येऊ लागल्या. १८८५ ते १८९२ या आठ वर्षांतल्या ८,३३१ भूकंपांची यादी मिल्न यांनी प्रसिद्ध केली. ८,३३१ भूकंप एकट्या माणसाला कसे जाणवतील? ते गावोगावच्या कारकुनांना जाणवले होते. मिल्न यांनी ते एकत्र मांडले.

१८८१ मध्ये त्यांनी तोने होरिकावा यांच्याशी लग्न केले. तोने हाकोदातेच्या एका बौद्ध मठाधिपतींच्या कन्या. त्या काळात असे लग्न दोन्हीकडच्या समाजाला सोपे नव्हते. पुढची बत्तीस वर्षे, मिल्न यांच्या मृत्यूपर्यंत, दोघे बरोबर राहिले.

१८८९ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट घडली. जर्मनीत एर्न्स्ट फॉन रेबर-पाश्विट्झ हे तरुण शास्त्रज्ञ अतिशय नाजूक आडवा लंबक घेऊन जमिनीच्या सूक्ष्म हालचाली मोजत होते. एप्रिलमध्ये त्यांच्या कागदावर एक विचित्र हालचाल उमटली. कारण सापडेना. नंतर जपानमधल्या एका भूकंपाची बातमी त्यांच्या वाचनात आली आणि वेळ जुळली. जपानची जमीन हलली होती आणि ती जर्मनीत नोंदली गेली होती. भूकंप पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो, हे असे दोन कागद शेजारी ठेवल्यावर सिद्ध झाले. सगळ्या जगात एकसारखी यंत्रे बसवून नोंदी एका ठिकाणी आणाव्यात, ही योजना रेबर-पाश्विट्झ यांनी १८९५ मध्ये मांडली. पण त्यांना क्षय होता. त्याच वर्षी, पस्तिशीही गाठली नसताना, ते गेले.

मिल्न यांचेही १८९५ हे वाईट वर्ष. त्याआधी १८९१ मध्ये जपानात मिनो-ओवारीचा भयंकर भूकंप होऊन सात हजारांवर माणसे मेली होती आणि सरकारने भूकंप संशोधनासाठी खास समिती नेमली होती. काम जोरात होते. फेब्रुवारी १८९५ मध्ये मिल्न यांच्या तोक्योतल्या घराला आग लागली. घर, वेधशाळा, यंत्रे, पुस्तके, वीस वर्षांचे कागद, सगळे गेले. परदेशी प्राध्यापकांचे दिवसही संपत आले होते, त्यांचे जपानी विद्यार्थी तयार झाले होते. जपानच्या सम्राटांनी पदक आणि निवृत्तिवेतन देऊन त्यांना निरोप दिला. चव्वेचाळीस वर्षांचे मिल्न तोने यांना आणि शिनोबू हिरोता या जपानी मदतनिसाला घेऊन इंग्लंडला परतले.

आपल्या वयाचे होते बघा ते तेव्हा. हातात काही उरलेले नाही, देश बदललेला. आणि त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे काम यानंतर सुरू झाले.

इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. तिथल्या शाइड या खेड्यात त्यांनी घर घेतले आणि यंत्र बसवले. ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेने भूकंप समिती नेमली, मिल्न तिचे चिटणीस झाले. समितीने जगभरच्या वेधशाळांना पत्रे पाठवली. मागणे साधे होते. एकाच प्रकारचे यंत्र घ्या, ते चालू ठेवा, नोंदी शाइडला पाठवा. यंत्र मुद्दाम स्वस्त आणि चालवायला सोपे ठेवले होते. एक हलका आडवा दांडा, त्याच्या टोकाशी फट, फटीतून दिव्याचा प्रकाश, खाली हळूहळू सरकणारा फोटोचा कागद. जमीन हलली की प्रकाशाची रेघ पसरते. दर तासाला घड्याळाचा काटा प्रकाश अडवतो आणि कागदावर वेळेची खूण पडते.

टोरांटो, केप ऑफ गुड होप, मॉरिशस, बटाविया, कैरो अशा ठिकाणी ही यंत्रे गेली. कॅप्टन स्कॉट यांच्या १९०१ च्या मोहिमेबरोबर एक यंत्र दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातही गेले. एकूण चाळीसहून अधिक केंद्रे झाली. सगळ्यांच्या नोंदी एकत्र छापून मिल्न ती पत्रके सगळ्यांनाच परत पाठवत. शाइड परिपत्रके म्हणून ती ओळखली जातात, १९१२ पर्यंत निघत राहिली. देणाऱ्याला परत मिळते, हे त्या योजनेतले खरे इंगित. मॉरिशसच्या माणसाने आपली एक रेघ पाठवली तर त्याला चाळीस ठिकाणच्या रेघा वाचायला मिळत. सरकारी पैसा फारसा नव्हता. अधूनमधून देणग्या आणि बरेचदा मिल्न यांचा स्वतःचा खिसा.

यातले एक यंत्र १८९८ मध्ये आपल्या मुंबईत, कुलाबा वेधशाळेत बसले. त्याच सुमारास कलकत्त्याला अलीपूर आणि दक्षिणेत कोडाईकनाल इथेही बसवली गेली. १२ जून १८९७ ला आसामचा महाभूकंप झाला होता, त्यामुळे सरकारलाही घाई होती. कुलाब्याचे संचालक होते नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस. पारशी, एडिंबरोला शिकलेले, त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. मूस यांचे मुख्य काम पृथ्वीच्या चुंबकत्वाचे. मुंबईत विजेवर ट्राम चालवायचे ठरले तेव्हा ट्रामच्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होते. मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली, पण जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि जुळवून पाहिल्या. त्यामुळे १८४६ पासूनची नोंदींची साखळी तुटली नाही. मिल्न यांना असे सहकारी मिळाले हे त्यांचे भाग्य. की अशाच माणसांनी ती योजना तोलून धरली, असेही म्हणता येईल.

आता नोंदी एकत्र केल्या की होते काय, ते थोडक्यात सांगते. विज्ञानाच्या बाईंनी तपासून घ्यावे. समजा म्हशाच्या जत्रेतून एक मोटारसायकल आणि एक बैलगाडी एकाच वेळी निघाली. मुरबाडला दोन्हींच्या पोहोचण्यात जेवढे अंतर पडेल, त्याहून जास्त शहापूरला पडेल. शहापूरला उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही कधी निघाल्या हे माहीत नसले तरी, मोटारसायकलनंतर बैलगाडी किती वेळाने आली यावरून त्या किती लांबून आल्या ते सांगता येईल. भूकंपातही वेगवान आणि संथ अशा लाटा एकाच वेळी निघतात. एका केंद्राला त्यावरून अंतर कळते, दिशा कळत नाही. पृथ्वीच्या गोलावर त्या केंद्राभोवती तेवढ्या अंतराचे वर्तुळ काढायचे. दुसऱ्या केंद्राचे दुसरे, तिसऱ्याचे तिसरे. तिन्ही जिथे मिळतात तिथे भूकंप. एकट्या केंद्राला, ते कितीही हुशार असले तरी, हे कळत नाही. अशाच जगभरच्या नोंदी समोर ठेवून रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा असल्याचे दाखवून दिले. हे ओल्डहॅम भारताच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात होते आणि आसामच्या भूकंपाचा मोठा अभ्यास त्यांनीच केला होता.

पण या सगळ्याला एक अट आहे. सगळ्यांची घड्याळे एका वेळेला लागलेली हवीत. त्या काळी मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली. म्हणून शाइडच्या पत्रकांत सगळ्या नोंदी ग्रीनिच वेळेत असत.

घड्याळांच्या या गोष्टीमुळेच मी मिल्न यांच्यापर्यंत पोहोचले. काही वर्षांपूर्वी आमच्या एका कामात तीन शहरांतल्या तीन टीम होत्या. रात्री काही व्यवहार दुबार नोंदले जाऊ लागले. आठवडाभर कारण सापडेना. माझ्या टीमच्या नोंदींवरून दिसत होते की चूक दुसऱ्या शहरातल्या टीमची आहे. तसे मी बैठकीत सांगितले. तिथली एक तरुण मुलगी हे काम बघायची, तिला बरेच ऐकून घ्यावे लागले. नंतर लक्षात आले की आमच्या एका सर्व्हरचे घड्याळ काही सेकंद मागे पडले होते. आधी काय झाले आणि नंतर काय झाले याचा क्रमच आम्ही उलटा वाचत होतो. चूक आमची होती, म्हणजे माझी. दुरुस्ती एका दिवसात झाली. तिची माफी मागायला मला दोन महिने लागले. त्या काळात घड्याळे जुळवण्याच्या इतिहासाबद्दल जे मिळेल ते वाचत होते, त्यात मिल्न भेटले. शंभर वर्षांपूर्वी, तारेवर विसंबून, चाळीस वेधशाळांची वेळ जुळवण्याचे ओझे त्यांनी वाहिले होते. आम्हाला तीन सर्व्हर जमले नव्हते.

मिल्न यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. त्यांच्या यंत्रात एक उणीव होती. दांडा एकदा हलला की स्वतःच्या झोकाने हलत राही, त्यामुळे जमिनीची खरी हालचाल किती आणि दांड्याचा झोका किती हे वेगळे करता येत नसे. कागदही फार हळू सरके. जर्मनीत वीशर्ट यांनी आणि रशियात गॅलिट्झिन यांनी झोका आवरणारी, कितीतरी चांगली यंत्रे बनवली. मिल्न मात्र आपलेच यंत्र धरून राहिले. चाळीस ठिकाणी एकसारखे यंत्र बसवले की ते बदलणे अवघड होते, हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही पटेल. शिवाय जुन्या आणि नव्या नोंदींची तुलना करता आली पाहिजे, हा मुद्दा खोटा नव्हता. पण मला वाटते, स्वतः बनवलेल्या गोष्टीचा लोभही असणार. स्ट्रासबुर्गला भूकंपशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली तेव्हा ब्रिटन त्यात लगेच शिरला नाही. जगाला एकत्र आणणाऱ्या माणसाचे जाळे काही वर्षे जगाच्या दुसऱ्या जाळ्यापासून वेगळे राहिले. अलिबागला मूस यांनी जे केले, नवे आणि जुने दोन वर्षे शेजारी चालवून मग जुने सोडले, तसे मिल्न यांना आपल्या यंत्राबाबत करता आले नाही.

३१ जुलै १९१३ ला मूत्रपिंडाच्या विकाराने मिल्न गेले. वय ६२. मूलबाळ नव्हते. तोने काही वर्षे शाइडला राहिल्या आणि १९१९ मध्ये जपानला परतल्या. मिल्न यांच्या मागे वर्षभरात महायुद्ध सुरू झाले, देशादेशांतले टपाल तुटले. तरी काम संपले नाही. ऑक्सफर्डचे खगोलशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट टर्नर यांनी नोंदी गोळा करणे पुढे चालवले. जे. जे. शॉ यांनी मिल्न यांच्या यंत्रात झोका आवरण्याची सोय केली आणि ही सुधारलेली मिल्न-शॉ यंत्रे भारतातही आली. टर्नर यांच्या कामातून १९१८ पासूनच्या भूकंपांची आंतरराष्ट्रीय यादी तयार झाली आणि त्यातूनच १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र निघाले. ते आजही इंग्लंडमधून जगभरच्या संस्थांच्या नोंदी गोळा करते आणि सगळ्यांना परत देते. एका माणसाच्या घरातले काम त्या माणसानंतर शंभर वर्षे चालते, हे मला त्यांच्या चरित्रातले सगळ्यात मोलाचे वाटते.

आपल्याकडेही हेच चालू आहे. नाशिकची मेरी संस्था महाराष्ट्रातल्या धरणांजवळ भूकंपमापन केंद्रे चालवते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे धक्क्यांची मालिका सुरू झाली, लोक थंडीत घराबाहेर झोपत होते, तेव्हा वेगवेगळ्या संस्थांनी तिथे यंत्रे नेऊन बसवली. तो भाग आपण शाळेत होतो तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यंत्रांबरोबरच, धक्का जाणवल्याचे लोकांनी कळवले तर तेही घेते. पोस्टकार्ड गेले, मोबाइल आला, मागणी तीच आहे. कुठे, केव्हा, काय जाणवले.

आता आपल्या मेळाव्याचे. तीस वर्षांनी सगळ्यांना गोळा करण्याचे काम ज्यांनी केले त्यांना मी नमस्कार करते. मुरबाडकडच्या मुलांचे पत्ते सरळगावच्या आपल्या एका दुकानदार मित्राने एकेकाला गाठून मिळवले. किन्हवलीहून एसटीने येणाऱ्या मुलींपैकी लग्नानंतर नावे बदललेल्या पाच जणी सापडायला सहा महिने लागले. दोघे आता नाहीत, हेही त्यातच कळले. आणि एक कबुली देते. ग्रुपवर दोन वर्षे मी काहीच उत्तर दिले नव्हते. मी आहे की नाही, येणार की नाही, काही नाही. वाचत होते, पण लिहीत नव्हते. सांगण्यासारखे काही घडले की लिहू, असे मनात होते.

मिल्न यांचे कार्ड दर आठवड्याला पाठवायचे होते. म्हणजे धक्का न बसलेल्या आठवड्यालाही. आमच्या कामातही अशीच पद्धत असते. प्रत्येक सर्व्हर ठरावीक वेळाने नुसते कळवतो की मी चालू आहे, विशेष काही नाही. काही नाही असे लिहिलेले कार्ड आलेच नाही, तर तिथे सगळे ठीक आहे की कार्ड लिहिणारा माणूसच राहिला नाही, हे बसल्या जागेवरून कसे कळणार? आपल्यातल्या त्या दोघांबद्दल कळायला एकाच्या बाबतीत चार वर्षे लागली.

म्हणून समितीला एक सूचना करते. मेळाव्याच्या निधीतून काही उरणार असेल तर शाळेला भिंतीवरचे एक बरोबर चालणारे घड्याळ आणि एक जाड रजिस्टर द्यावे. भातशाच्या परिसरातली मुले अजूनही आपल्या शाळेत येतात. धक्का जाणवला, भांडी वाजली, विहिरीचे पाणी एकाएकी बदलले, तर तारीख, वेळ आणि गाव लिहायचे. काही घडले नाही तर आठवड्याच्या शेवटी तसे लिहायचे. शास्त्राच्या मोठ्या कामाला त्याचा किती उपयोग होईल हे मी सांगू शकत नाही. पण एखाद्या आजीची भिंत तडकली तर केव्हा तडकली यावर घरात वाद होणार नाहीत.

रजिस्टरचे पहिले पान मेळाव्याच्या दिवशी आपणच लिहू. माझी नोंद आत्ताच देऊन ठेवते. हजर आहे, विशेष काही नाही.